पित्तातला उजेड

भाऊबीजेच्या दुपारी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नलिनीने अँटिबायोटिकच्या द्रावणात पित्तक्षार घातले आणि अतिनील दिव्याखाली त्याची फिकट निळाई एकदम उजळली. इमारतीत आम्ही दोघंच होतो. आई गेल्यापासून ती सुट्टीत घरी येत नाही, म्हणून मीच आलो होतो.

"ओवाळणार आहेस की मी जाऊ?"

"थांब रे दादा. हा उजेड औषधाचा की क्षारातल्या कचऱ्याचा, ते बघू दे. कचऱ्याचा असला तर माझं वर्ष वाया."

साबणाच्या पावडरीत धुतलेला तिचा अ‍ॅप्रनही त्या दिव्यात चमकत होता. त्याचा उजेड मध्ये येऊ नये म्हणून तिने तो काढून बाहेर ठेवला.

साध्या पाण्यात औषधाचा रेणू एकटा असतो आणि पाण्याचे धक्के खात त्याचा उजेड विझतो. पित्तक्षारांच्या घोळक्यात आडोसा मिळाला, की तोच रेणू उजळतो. हे तिनेच सांगितलं, नळीवरची नजर न काढता. घरी का येत नाहीस, हे मी विचारलं नाही.

मग तिने औषध न घालता नुसते पित्तक्षार पाण्यात विरघळवले आणि ती नळी दिव्याखाली धरली.

"दिसतंय काही?"

"नाही."

"नीट बघ की!"

नळी काळीच होती. उजेड औषधाचाच होता.