शिरवळचा भाऊ

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धंच माहीत आहे, आणि ते अर्धंही तो एव्हाना विसरला असेल.

मी पाटणला शाळेत शिकवते, माहेर सांगलीचं. वॉशिंग मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा सलीमभाईंच्या दुकानात तीनदा गेले. ते घरी आले, गच्चीवर चढून टाकीची उंची बघितली. "बाई, तुमच्या पाण्याला दाब न्हाई, वरनं कपडे टाकायचं मशीन घ्या." दुकानात त्यांनी तसलं मशीन दाखवलं, आणि ते चहा सांगायला वळले तेवढ्यात मी त्याच्या मॉडेल नंबराचा फोटो काढला. घरी येऊन मोबाइलवर तेच मागवलं. स्वस्त होतं — बरंच स्वस्त. यात काय चुकलं? सगळेच करतात ना?

मशीन आलं. जोडणारा माणूस मात्र आठ दिवस फिरकला नाही, फोन लावला की नुसतं गाणं वाजायचं. शेवटी सलीमभाईंनाच फोन केला. आणि कुठून आणलं, हे त्यांनी विचारायच्या आत मीच बोलून गेले — भावानं पाठवलंय, शिरवळच्या कंपनीत आहे तो.

मला भाऊ नाही. मी एकुलती एक.

सलीमभाईंनी येऊन मशीन जोडलं, पहिलं पाणी सोडून बघितलं. मी पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. "ऱ्हाऊ द्या. भावाची भेट हाय, तिचं कसलं पैसं घ्यायचं?" मी मशीनला हळदकुंकू लावलं आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला. इतकी निर्लज्ज मी!

पुढे पाच वर्षं ते भावाची खुशाली विचारत राहिले. मी त्याला बढती दिली, त्याचं लग्न लावलं, त्याला मुलगीही झाली. हसू येतंय? मलाही यायचं.

मग त्यांच्या मुलीचा, तबस्सुमचा डिप्लोमा झाला. "आवं बाई, भावाच्या कंपनीत काय जमतंय का बघा की." तेव्हा तरी सांगायचं ना? मी म्हणाले, विचारते. आठवड्यानं म्हणाले — कळवतो म्हणालाय. का म्हणाले? कुणास ठाऊक — नाही, ठाऊक आहे. मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. तिला लोणंदच्या एका कारखान्यानं बोलावलं होतं. माझ्या शब्दावर तिनं ती नोकरी नाकारली. दोन महिन्यांनी मी सांगून टाकलं, भावाची बदली झाली.

ती आता वडिलांच्या दुकानातच बसते. परवा मशीनचा पाइप गळायला लागला, तर तीच पान्हे घेऊन आली. खाली वाकून पाइप बदलला, फरशीसुद्धा पुसली. मी पर्स उघडली.

"नगो बाई. अब्बांनी सांगितलंय, मामांच्या मशीनचं पैसं घ्यायचं न्हाईत."

मी पर्स मिटली. तिला चहा दिला. ती चहा पिऊन गेली.