कूलरखालची कादंबरी

माझ्या आवडत्या लेखकाची नवी कादंबरी कूलरखाली मी ठेवली नाही. आमच्या ह्यांनी ठेवली. हे आधीच सांगून टाकते, कारण पवनारमध्ये अजूनही लोक माझंच नाव घेतात.

कॉलेजात असताना या लेखकाने मला वेड लावलं होतं. (नाव सांगणार नाही. त्यांनी आमच्या घरचा गोळाभात खाल्लाय.) त्यांची पहिली कादंबरी मी चारदा वाचली आणि दोनदा रडले. मी रडणारी बाई नव्हे, भांड्यांचं दुकान चालवते! त्यामुळे कितीतरी वर्षांनी त्यांची नवी कादंबरी येतेय, आणि ते स्वतः आमच्या वाचनालयात येणार आहेत, असं कळल्यावर मी स्वागताचं भाषण अंगावर घेतलं. लगेच लिहूनही काढलं. अठरा पानं, भरभरून स्तुती! पुस्तक अजून हातात पडायचं होतं, पण त्याने काय बिघडतं? आवडणार तर होतंच.

पुस्तक आलं. पहिल्या पानावर नदी. दहाव्या पानावर नदी. चाळिसाव्या पानावर नायिका काठावर येऊन बसते आणि... नदीकडे बघते! आता ही उठून काय करणार, या एका कुतूहलावर मी चौऱ्याण्णव पानं रेटली. बाई उठेचना! चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळे तपासून घेतले. नंबर तोच होता. मग बदललं कोण, ते की मी?

"काय उपयोग या पुस्तकाचा!" म्हणत मी ते दिवाणावर आदळलं आणि दुकानात निघून गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी लेखक दुपारीच जेवायला आले. वर्ध्याकडचा मे महिना, त्यामुळे पाहुण्यांना थेट कूलरसमोर बसवलं. तेव्हा लक्षात आलं, तीन वर्षं ट्रॅक्टरसारखा खडखडणारा आमचा कूलर चक्क गप्प होता! खाली पाहिलं. स्टँडच्या आखूड पायाखाली कादंबरी, पालथी. मागच्या बाजूला लेखकांचा फोटो, आणि लोखंडी पाय बरोबर त्यांच्या कपाळावर.

ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"अवो, ते पुस्तक काऊन ठेवलं तिथं?"

"तूच म्हणत होती ना, काय उपयोग याचा? म्या काढला उपयोग!"

"काढा आधी!"

"भरला कूलर उचलू? साऱ्या घरात पाणी होईन!"

मी बाहेर येऊन त्या पायासमोर उभी राहिले.

"बसा ना," लेखक म्हणाले.

"नाही, मी उभीच बरी."

"मग तुमची प्रत तरी आणा, सही करून देतो."

"ती... वाचायला दिलीय. सासूबाईंना."

सासूबाई समोरच तांदूळ निवडत होत्या. "मले? माही तं कव्हाचीच वाचून झाली! तुनंच अर्धी सोडली ना!"

"अर्धी?" लेखक सरसावून बसले.

"चौऱ्याण्णव पानं," मी म्हणाले. (आकडा चुकलेला मला चालत नाही.)

"आणि तुम्हाला कशी वाटली, आई?"

"तुमी माणूस चांगले दिसता," सासूबाई म्हणाल्या, "पण नदीचंच काऊन सांगून राह्यले? धाम तं आमच्या दारातच हाये!"

मी डोळे मिटले. आमच्या ह्यांना वाटलं, आता आपणच बायकोची अब्रू वाचवली पाहिजे. त्यांनी कूलरचा पाय उचलला! टाकी कलली, पाण्याचा लोट लेखकांच्या पायांवर आला आणि त्याच्यामागून तरंगत आली कादंबरी.

लेखकांनी ती उचलली. फोटोतल्या कपाळावर चौकोनी खड्डा. त्यांनी पुस्तकाचं पाणी झटकलं.

"चौऱ्याण्णव म्हणालात ना?"

"हो."

"मी तिथेच दोन वर्षं अडलो होतो. तिला उठवायचं कसं, सुचेना. म्हणून नदीच लिहीत बसलो."

किती सरळ बोलले! तीस वर्षांपूर्वीचा माझा लेखक एकदम समोर दिसला.

"मग शेवटी ती उठते का?" मला राहवेना.

"उठते ना!" सासूबाई तांदूळ पाखडत म्हणाल्या. "एकशे नव्वद पानावर. घरी जाते."

सगळ्यात मोठ्याने लेखकच हसले. म्हणाले, "संध्याकाळी हेच बोला."

मी बोलले. पाच मिनिटांत सगळं सांगितलं, कूलरसकट. टाळ्या पडल्या. अठरा पानी भाषण पर्समध्येच राहिलं. लेखकांनी त्या ओल्या पुस्तकावर सही केली, वर लिहिलं, 'कूलरला सप्रेम.' सही झालेलं पुस्तक काही पायाखाली ठेवता येत नाही. ते कपाटात गेलं आणि कूलर पुन्हा खडखडू लागला.

"आता काय ठेवू खाली?" ह्यांनी विचारलं.

मी पर्समधून भाषण काढलं. घडी घालण्याआधी सहज एकदा नजर टाकली. पहिली सहा पानं धाम नदीचं वर्णन होतं!

तीन घड्या घातल्या. उंची अगदी बरोबर बसली.