मुशीचं कालवण

आमच्या आष्टीच्या बाजारात समुद्राचा मासा येतो तो वाळूनच. सुकट, बोंबील, आणि सांगून ठेवली तर मुशी, म्हणजे समुद्रातला शार्क. बाळंतिणीला मुशी घातली की दूध उतरतं, असं आमच्यात मानतात. मी अतिशहाणी आणखी पुढं गेले. लेकीला पहिल्यांदा दिवस गेल्याचं कळलं, तेव्हापासूनच पाटोद्याला तिच्या सासरी मुशीच्या कालवणाचा डबा पाठवायला लागले.

तळ्यातला मासा तिला द्यायचा नाही, हा माझा हट्ट. तळ्यात म्हशी डुंबतात, गावाची घाण उतरते. समुद्र केवढा थोरला, त्याला कसली घाण लागते? आणि मासा जेवढा मोठा तेवढी ताकद जास्त. नवरा म्हणाला, "सुकट दे की पोरीला. ती बी समुद्राचीच हाय."

"तुमी गप बसा. सुकट आपल्याला," मी म्हणाले.

नात झाली. मान लई उशिरा धरली तिनं. दोन वर्षांची झाली तरी पाऊल टाकीना, बोलणं तर नाहीच. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या गरोदरपणातलं खाणंपिणं विचारलं. मी कौतुकानं सांगितलं, "आठवड्यातून दोनदा मुशी, बाई. कमी पडू दिली न्हाई."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, कारखान्यांच्या धुरातून, सांडपाण्यातून पारा समुद्रात जातो. तो बारक्या माशांच्या अंगात थोडा थोडा जातो, बारक्यांना मोठे खातात, आणि मुशीसारख्या माशात साठत राहतो. धुतला, वाळवला, शिजवला तरी जात नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधतो. सुकटीत एवढा नसतो.

"पण याच्यानंच झालं असं मी सांगू शकत नाही, मावशी. दुसरं कारणही असेल."

लेक बाहेर बाकावर पोरीला घेऊन बसली होती. मी बाहेर येऊन म्हणाले, "टॉनिक लिहून दिलंय."

टॉनिक! जीभ कशी झडली नाही माझी.

पुढं वर्षभर सासरचे लेकीला टोचत राहिले. एकदा तर पाहुण्यांच्या देखत विहीणबाई म्हणाल्या, "हिच्या कुशीतच खोट हाय." मी शेजारीच चहा पीत होते. एरवी माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. त्या दिवशी मी पदर सावरला आणि कप रिकामा केला.

यंदा लेकीला पुन्हा दिवस गेले. चार दिवस राहायला म्हणून माहेरी आली. पहिल्याच जेवणाला तिच्या ताटात मी सुकट वाढली, तर हसून म्हणाली, "कावून गं आई, मुशी न्हाई मिळाली? का लेक जुनी झाली आता?"

मग मला राहवेना. डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं, टॉनिकचं खोटंही सांगितलं. ती नातीला मांडीवर घेऊन ऐकत होती.

"नक्की त्याच्यानंच असं न्हाई म्हणाल्या त्या," मी म्हणाले.

"ते जाऊ दे. मुशी तू मायेनं घातलीस. तुला काय ठावं व्हतं?" ती म्हणाली. "पण सासूबाई मला बोलल्या, तवा तुला समदं ठावं व्हतं. तू तिथंच बसली व्हतीस न्हवं?"

मी हो म्हणाले.

तिनं ताटातली सुकट खाल्ली, बारीक चुरून पोरीला भरवली, आणि दुपारच्या एसटीनं सासरी निघून गेली.