मायस्त्रोंची तिसरी कादंबरी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मॉन्ट्रियलजवळच्या लव्हालमधल्या आमच्या शेजारच्या इटालियन गृहस्थांना मी खोटं बोलून पटवलं, की त्यांचं डोकं आता ठिकाणावर नाही.

सगळी गल्ली त्यांना मायस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणायची. एकच गोष्ट तीनदा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तरुणपणी नेपल्सला सिनेमाची पोस्टरं रंगवली, इकडे येऊन चित्रं काढली, तीन सिनेमे केले, दोन कादंबऱ्या लिहिल्या. "चित्रात मावत नाही त्याचा सिनेमा करायचा," ते म्हणत, "आणि सिनेमातून सांडेल ते कादंबरीत गोळा करायचं." सिनेमे चर्चच्या हॉलमध्ये लागले. कादंबऱ्या नातेवाइकांनी घेतल्या, आणि मायस्त्रोंच्याच म्हणण्याप्रमाणे, कपाटात सरळ उभ्या ठेवल्या.

त्यांचा धाकटा भाऊ मॉन्ट्रियलला एका इमारतीच्या परांचीवरून पडून गेला होता. त्याचं चित्र काढून झालं, सिनेमा झाला, तरी भाऊ काही हाती लागेना. म्हणून तिसरी कादंबरी. ती ते फार्मसीच्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर लिहीत. "कोरा कागद माझ्याकडे टक लावून बघतो," म्हणत. "वापरलेला कागद समजूतदार असतो."

हिवाळ्यात मी त्यांचा ड्राइव्ह-वे फावड्याने साफ करायचो. ते खिडकी किलकिली करून ओरडायचे, "इंजिनिअर, बर्फ काढतोयस की त्याची माफी मागतोयस?"

एका ऑक्टोबरात त्यांनी बुटांचं एक खोकं माझ्या हातात ठेवलं. "कादंबरी. तुझ्या ऑफिसात स्कॅन करून आण. दुसरी प्रत नाही, बरं का." मी ते बेसमेंटमध्ये ठेवलं. रोज उद्यावर ढकललं.

दिवाळी तोंडावर आली. शनिवारी घर झाडायला काढलं. बायकोने खालून विचारलं, "अहो, कॅलेंडरच्या कागदांचं एक खोकं आहे इथे. मुलीच्या वह्यांबरोबर काढून टाकू?" मी फोनवर होतो. आमच्याकडे असे पाठकोरे वाणसामानाच्या याद्यांसाठी साठतातच. म्हटलं, "काढ, काढ, रद्दीच आहे." सोमवारी सकाळी रिसायकलिंगची गाडी येऊन गेली.

बुधवारी मायस्त्रो दारात उभे. "झालं का स्कॅन?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तोंडातून निघालं, "कसलं स्कॅन, मायस्त्रो? तुम्ही मला काही दिलंच नाहीत."

ते भांडले असते तर मी कबूल झालो असतो. पण आदल्याच आठवड्यात ते गॅसवर कॉफी विसरले होते. हळूच म्हणाले, "नाही दिलं?" मी मान हलवली.

तीन दिवस त्यांनी घर उपसलं. चौथ्या दिवशी माझीच माफी मागितली. "तुझ्यावर आळ घेतला, इंजिनिअर. म्हातारा झालो." डॉक्टरांना त्यांनी स्वतःच हा किस्सा सांगितला, आपलं डोकं गेल्याचा पुरावा म्हणून. मुलगी ज्युलिया म्हणाली, पुन्हा लिहा, बाबा, तुम्हाला सगळं पाठ आहे. ते म्हणाले, "खोकं कुणाला दिलं ते ज्याला आठवत नाही, त्याने मेलेल्या भावाबद्दल काय खरं लिहायचं?"

वृद्धाश्रमात जायचंही त्यांनीच ठरवलं. मी दर रविवारी जात होतो. भेटायला येणाऱ्यांना ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हा माझा शेजारी. याला मी चोर ठरवत होतो." मी शेजारी बसून संत्रं सोलत असे. पुढे त्यांनी काहीही खात्रीने सांगणं सोडलं. जेवलात का विचारलं तर नर्सकडे बघायचे.

मार्चमध्ये ते गेले.

ज्युलिया अजून ते घर विकत नाही. त्या खोक्यासाठी प्रत्येक कपाट दोनदा बघून झालंय. कालच फोन आला, "अॅटिक राहिलंय. येशील का मदतीला?" मी येतो म्हटलं.

खोकं त्यांनी माझ्याच हातात दिलं होतं आणि त्यांना ते अगदी बरोबर आठवत होतं, एवढं तिला सांगायचं माझ्याकडे बाकी आहे.