कपाच्या बुडावरची रेघ

शेजारच्या काकूंनी मला बसायला जागा दिली. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं सांगता सांगता मी दमून थांबले तर एवढं तरी कागदावर राहावं. काकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. एकट्याच असत; मुलगी इंदूरला. माझ्या नात्यागोत्यातल्या नव्हेत.

आम्ही कोकणातून बुऱ्हाणपूरला आलो ते नवऱ्याच्या कामामुळे. त्याला यंत्रमागांच्या कारखान्यात मागदुरुस्तीचं काम मिळालं होतं. मी घरी कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात सुताने भरलेली जी नळी बसते ती कांडी. दिवसभर चाक फिरवायचं, सूत तुटलं की गाठ मारायची, परत फिरवायचं. संध्याकाळी उजवा खांदा दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा लोंबायचा. नाकात कापसाची भुरी, कानात गल्लीतल्या मागांची खटखट. खटखट बंद झाली की वीज गेली असं समजायचं, आणि वीज गेली की उकाडा.

शाळा माझी सातवीतच सुटलेली. त्यामुळे चार माणसं कुठे बसलेली दिसली की पाय आपोआप मागे फिरत. नळावर बाया माझं बोलणं ऐकून हसायच्या. वाईट नव्हत्या, पण हसायच्या. "ए कोकणवाली, जरा बाजूला हो ना, मला भरू दे." दोन वर्षं झाली तरी मला तिथे नाव नव्हतं. नवरा कामावरून यायचा तो तेलाने माखलेला आणि मुका. आम्ही जेवायचो आणि झोपायचो.

काकूंकडे दगड होते. आकाशातून पडलेले. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी बाईंना काही झालं असेल. पण कपाटात खरंच डब्यांच्या रांगा होत्या. आत कापसावर ठेवलेले काळे, तपकिरी दगड, आणि काही चकत्या, अस्सल लोखंडाच्या, त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या चंदेरी रेषा. हे सगळं त्यांनी आयुष्यभर अदलाबदलीने जमवलं होतं. जवळपासच्या गावांतली त्यांच्यासारखी छांदिष्ट माणसं होती, त्यांचं एक मंडळ होतं, आणि महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ते तापीच्या राजघाटावर जमत.

लोखंडी चकत्या गंजतात. त्यांना ऊन दाखवून शिवणयंत्राचं तेल चोळावं लागतं. काकूंची बोटं सांध्यांनी वाकलेली. म्हणून दुपारी तासभर मी जाऊन ते काम करायची. त्या चहा करायच्या आणि एकेका दगडाची ओळख करून द्यायच्या. दगड जिथे पडला त्या गावाचं नाव त्याला मिळतं, हे मला त्यांनीच सांगितलं. कुठल्या वाळवंटातलं चार झोपड्यांचं गाव, पण त्याचं नाव जगभरच्या कपाटांत.

"आणि गावाचं नावच कुणाला माहीत नसलं तर?" मी विचारलं.

"मग दगडामुळे होतं माहीत," काकू म्हणाल्या.

एकदा त्यांनी वालाच्या दाण्याएवढा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. "घे, तुला."

मी परत ठेवला. म्हटलं, "काकू, हे मी कशाच्या बदल्यात घेऊ? माझ्याकडे द्यायला काय आहे?"

"तू तेल लावते ना रोज."

"ते मी चहासाठी लावते."

त्या हसल्या, पण तुकडा आत ठेवताना जरा जोरातच डबा मिटला त्यांनी. मला फुकटचं घेता येत नाही. परक्या गावात कुणाच्या उपकाराखाली राहायची इतकी धास्ती होती की कोथिंबिरीची काडीही मी परत करायची.

पण द्यायला एक वस्तू होती. ट्रंकेत तळाशी, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. बाबा वारले तेव्हा घर आणि माड भावांकडे राहिले. मी पापडांवर ठेवायचा धोंडा उचलून आणला. काळा, नारळाच्या करवंटीएवढा आणि दिसतो त्याहून कितीतरी जड. वाऱ्याने पापडांचं कापड उडू नये म्हणून त्याचा उपयोग. बाबा सांगायचे, त्यांच्या वडिलांनी रात्री आभाळात जाळ पाहिला आणि सकाळी कुळथाच्या शेतात हा सापडला. नवरा त्यावरून कायम टोचायचा. "लोकांच्या बायका माहेरसून सोना आणतत, हिणां बापाशीचो धोंडो आणल्यान."

मी तो काकूंना दाखवला. त्यांनी दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ धरला. "जड आहे गं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "राहू दे माझ्याकडे थोडे दिवस."

ते दिवस मला जड गेले. कांडी भरता भरता मनात एकच: खरा निघाला तर सरकारी खात्याला कळवतील, आपल्या देशात पडलेला दगड सरकारचा, तो त्यांच्याकडे जाईल, जाऊ दे. पण त्याला आमच्या गावाचं नाव लागेल. राजघाटावर माणसं ते नाव घेतील. आणि बाबांचं बोलणं खरं ठरेल. खोटा निघाला तर मी आहेच कोकणवाली.

काकूंनी दगड परत दिला तो एवढंच बोलून, "रविवारी घेऊन चल. मी जामीन राहते."

मंडळाची ही रीत होती. नव्या माणसाला चादरीवर दगड मांडायचा तर जुन्यांपैकी कुणीतरी जामीन राहायचं. दगड खोटा निघाला तर जामीन राहिलेल्याने आपल्यातला एक खरा दगड नव्या माणसाला द्यायचा. आणि सगळ्यांसमोर मान खाली घालायची ती वेगळीच. म्हणून कुणी सहसा जामीन राहत नसे.

"काकू, नको," मी म्हटलं. "तुमचं नाव जाईल."

"तू किती विचार करून राहिली! डोकं फुटेल एखाद दिवशी. चल म्हटलं ना."

राजघाटावर ओवरीत जुनी चादर अंथरलेली होती. तापी खाली उतरलेली, खडक उघडे, पायऱ्यांवर धुण्याचा आवाज. आठ-दहा माणसं बसली होती. काकूंकडे येणाऱ्या दोघांनाच मी नीट ओळखत होते. एक चष्म्याच्या दुकानाचे भाऊ, ज्यांच्या भिंग घासायच्या चाकावर सगळ्यांच्या चकत्या कापल्या जात. दुसरे खकनारकडचे केळीवाले दादा, मिशीवाले, मोठ्याने हसणारे. अदलाबदल मुक्याने होत होती. जो दगड हवा त्याच्या शेजारी आपला ठेवायचा आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत त्याने आपला उचलला तर झालं. बोटाने मागे सरकवला तर नाही. पैशाचा शब्द चादरीवर काढायचा नाही.

चहा चिनीमातीच्या कपांतच. एक पोरसवदा सभासद कागदी कप घेऊन आला होता, तर भाऊ त्याच्यावर उखडले, "ह्यात चहा पिऊन दगड कशावर घासायचा, तुझ्या कपाळावर?" तेव्हा मला कळेना, दगड कपावर का घासायचा. थोड्या वेळाने कळलं.

काकूंनी मला शेजारी बसवलं. "ही माझ्या घराजवळची. मी हिची जामीन."

मी दगडाभोवतीचं लुगडं सोडलं. भाऊंनी गळ्यातला दोरा काढला, त्याला चुंबक बांधलेला. तो दगडाजवळ नेताच टक्कन चिकटला.

"अरे वा, कोकणवाली! चिपक गया ना!" केळीवाले दादा गुडघ्यावर आले. सगळेच पुढे वाकले. "गाव कुठलं, ताई?"

मी गावाचं नाव सांगितलं. ते एका माणसाने म्हणून पाहिलं, मग दुसऱ्याने. दोघांनीही चुकीचं म्हटलं. आईशप्पथ, त्या दोन वर्षांत मला तेवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

भाऊंनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि कप उलटा केला. कपाच्या बुडाला एक गोल कडा असते, तिच्यावर चकाकी नसते, खरखरीत पांढरी असते. त्या कडेवर त्यांनी दगडाचा कोपरा घासला. आभाळातला दगड तिथे रेघ सोडत नाही. माझ्या दगडाने सोडली. पाटीवर पेन्सिल ओढावी तशी, काळपट, ठळक.

भाऊंनी कप माझ्याकडे वळवून धरला, मला दिसावी म्हणून. मग हळू आवाजात म्हणाले, "लोखंडाचा धोंडा आहे, ताई. आपल्याच जमिनीतला. वरून नाही आला."

मी दगड गुंडाळायला लागले. गाठ बसेना. बाबा खोटं बोलले नव्हते, एवढंच मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. त्यांना तसं सांगितलं गेलं होतं. पण कुणी विचारलंच नव्हतं, तर सांगायचं कुणाला?

मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाई, इतकी वर्षं झाली, आणि घरातला कप नाही सापडला घासायला?"

"नजर गेली असेल," भाऊ म्हणाले. "दुकानात या, नंबर तपासून देतो."

"येईन," काकू म्हणाल्या. "पण चहा तू पाजशील. आणि कप धुतलेला दे."

सगळे हसले, त्याही हसल्या. पण मान त्यांनी घातली होती खाली, रीतीप्रमाणे. मग पिशवीतून डबा काढला. मला वाटलं, वालाच्या दाण्याएवढा तो तुकडा देतील. त्यांनी काढली ती लोखंडी चकती, चंदेरी रेषांची, जिला मी रोज तेल चोळायची. ती माझ्यापुढे ठेवली.

"काकू, ही नको."

"मी देत नाहीये. रीत आहे. रीत मी केलेली नाही."

मी उठायला लागले तर केळीवाले दादा म्हणाले, "बसा हो ताई, चहा निवून राहिला तुमचा." म्हणून बसले. एक साय धरलेला घोट घेतला. तेवढ्यात समोरच्या कुणीतरी माझ्या चकतीशेजारी एक चांगला मोठा तपकिरी दगड ठेवला आणि कपात तोंड घातलं. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. मी एका बोटाने तो दगड मागे सरकवला.

"जमलं हिला!" दादा मांडीवर थाप मारून म्हणाले.

पुढच्या महिन्यात मी न सांगता गेले. त्याच्या पुढच्याही. भाऊंनी मला आमच्या गावाच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली, तशीच चुकीची. मी कधी सुधारली नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी काकू तापाने पडल्या होत्या. मी त्यांची भांडी घासत होते. फडताळात मागच्या बाजूला एक कप उपडा होता, वापरात नसलेला. धुवायला घेतला तर बुडाच्या कडेवर काळपट रेघ. घासून घासून फिकी झालेली, पण गेलेली नव्हती. बोटाने चोळली तरी जाईना. काकूंचे दगड असली रेघ सोडणारे नव्हते, आणि त्यांच्या घरात परका दगड राहिला होता तो एकच. म्हणजे जामीन राहायच्या आधीच त्यांनी तो घासून पाहिला होता.

आतून त्यांचा आवाज आला. "तो कप राहू दे गं. कान तुटला आहे त्याचा."

कान शाबूत होता. मी कप परत उपडा ठेवला आणि भाताकडे वळले. विचारलं नाही. त्या दिवशी मला कांडीचं चाक फिरवणं फार जड गेलं, एवढं आठवतं.

आता काकू इंदूरला मुलीकडे असतात. डोळे जवळजवळ गेले आहेत, पण हातात दिलेला दगड वजनावरून ओळखतात, असं त्यांची मुलगी फोनवर सांगते. बाबांचा धोंडा माझ्या पापडांवर आहे, चकती तेल लावून कापसात. मी अजून कांड्या भरते. खांदा आता सकाळपासूनच दुखतो.

काकूंची एक इच्छा मला माहीत आहे. आपल्या तापीकाठी पडलेला दगड त्यांनी कधी हातात घेतला नाही. सगळे लांबचे, पोस्टाने आलेले. म्हणून केळी निघाली आणि शेतं नांगरली की सुट्टीच्या दिवशी मी जवळच्या चांदणी स्टेशनवर उतरते आणि परवानगी मागून बांधाबांधाने हिंडते, दोऱ्याला चुंबक बांधून, पदरात एक कप घेऊन. शेतकरी विचारतात, काय हरवलं? आजवर जे उचललं त्या सगळ्याची रेघ उठली आहे. पण ज्याची उठणार नाही असा एक दगड मला मिळेल त्या दिवशी सरकारी खात्याला कळवायच्या आधी मी इंदूरची गाडी पकडीन आणि तो काकूंच्या ओंजळीत ठेवीन. त्या "कशाच्या बदल्यात?" म्हणाल्या तर सांगेन, रीत आहे. तो दगड मी त्यांना देणार आहे.