देवापाशीची प्रत

मी आज जो काही आहे, तो कोलते मॅडममुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. धामणगाव बढेच्या शाळेत मॅडम कॉम्प्युटर शिकवायच्या. त्यांचा नियम होता, कामाच्या तीन प्रती करायच्या. "एक तुयापाशी, एक मायापाशी, एक देवापाशी." देवापाशी म्हणजे लॅबमधल्या सरस्वतीच्या फोटोमागे, पेनड्राइव्हवर!

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी पुरातत्त्वात पीएच.डी. करत होतो, पुराव्याशिवाय बोलायचं नाही... पण हे माझ्याच बाबतीत घडलं.

मोताळ्याजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, टेकाडावर आम्ही तीन हंगाम उत्खनन केलं. एकदा खणलेला थर परत मिळत नाही. उरतात फक्त फोटो, नकाशे, मोजमापं. खड्डे बुजवले, वर सोयाबीन पेरलं गेलं. सगळा डेटा दोन हार्डडिस्कवर घेऊन, कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून मी बुलढाण्याला निघालो. राजूर घाटात बॅग गाडीवरून निसटली आणि मागच्या ट्रकखाली गेली. दोन्ही डिस्कचा चुरा... प्रबंध संपला, ते टेकाडही संपलं.

सुचेना, म्हणून मॅडमकडे गेलो.

"दोन्ही एकाच बॅगीत? बियाणं कोणी एकाच कोठीत ठेवते काय बे? अन् देवापाशीची?"

"मॅडम, ते शाळेतलं होतं..."

"पाह्य तर खरं!"

जुनी लॅब कधीची बंद. शिपाई गजाननभाऊ कुलपाशी झटत म्हणाले, "हे मायापेक्षा हट्टी झालं!"

फोटोमागे माझा दहावीतला पेनड्राइव्ह होता, नावाच्या पट्टीसकट. त्यात दहावीचा प्रकल्प होता आणि त्याखाली... तिन्ही हंगाम. शेवटच्या संध्याकाळचा फोटोसुद्धा, मोजपट्टीवर माझी सावली पडलेला. तो मी कुणालाच दाखवला नव्हता. मी तिथेच बाकावर बसून रडलो. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

हे कसं झालं, ते आजही सांगता येत नाही. प्रबंध जमा केल्यावर मॅडमना पत्र लिहिलं :

"ती. मॅडमना सा. नमस्कार. काम पूर्ण झालं. प्रती आता तीन गावी आहेत. तुम्ही शपथेवर 'तो डेटा मी नाही ठेवला' म्हणालात, म्हणून पुन्हा विचारत नाही. सोबत नवा पेनड्राइव्ह आहे, फोटोमागे ठेवाल? या वेळी मी स्वतः पाठवतोय. — तुमचा विद्यार्थी"