अदात कालवड

त्या दुष्काळात मी तर्कशास्त्रात एम.ए. करत होते. सुट्टीत गावी आले, तर वडील चेअरमन असलेल्या दूध सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडलेली. मोठ्या जनावराला पुरता चारा, लहानाला निम्मा. नोंदवही माझ्या गळ्यात पडली.

दुपारी सगळा माळ पेंगायचा. उसाच्या वाढ्यांचा गोडसर वास, रवंथाचा आवाज, वर पांढरं आभाळ. मी लिंबाखाली पडून एकच कोडं चघळायचे: ज्वारीच्या राशीतून एकेक दाणा काढत गेलो, तर रास नेमकी कुठल्या दाण्याला संपते? यावर तर्कशास्त्रज्ञ अजून भांडतात. कुणी म्हणतं, रेघ असते, पण ती आपल्याला कळू शकत नाही. कुणी म्हणतं, रेघ नसतेच; मध्ये खरंही नाही अन् खोटंही नाही असा पट्टा असतो. कुणी खरेपणाच अंशाअंशानं मोजतं. त्या पट्ट्यात मला फार बरं वाटायचं. तिथंच डोळा लागायचा.

छावणीत मात्र लहान-मोठं दातांवरून ठरायचं. दुधाचे दात पडून दोन पक्के आले की जनावर मोठं. तोवर ते अदात, म्हणजे लहान.

शेजारच्या मावशींची कालवड नेमकी अधलीमधली. दुधाचा दात पडलेला, नवा अजून हिरडीतच. मावशी रोज तिचा जबडा उघडून दाखवायच्या.

"आता तरी मोठी लिव की, पोरी. अंगानं बघ, केवढी हाय."

"दात कुठं आलाय, मावशी?"

वडीलही म्हणाले, "लिहून टाक." मी ऐकलं नाही. एकीला सूट दिली की पुढचीलाही द्यावी लागेल, मग नियम कुठं उरतो? शिकलेली अक्कल मी अशी पाजळत होते.

आठवड्यानं माझंच मन मला खायला लागलं. सकाळी दात न बघताच वहीत ‘मोठी’ लिहिलं आणि वाट बघत बसले. मावशी एकट्याच आल्या.

"कालवड कुठंय?"

"काल बाजारात दिली. रोज वाळत चालली व्हती. बघवंना मला."

"व्यापाऱ्यानं दात बघितले?" कशाला विचारलं, देव जाणे.

"दात कोण बघतंय? बरगड्या बघितल्या त्यानं."

पुढं मी याच कोड्यावर संशोधन केलं, अजूनही करते. परिषदेत कुणी उदाहरण मागितलं की मी राशीचं देते. कालवडीचं अजून एकदाही देता आलेलं नाही. लाज वाटते.